घरकामातून विश्वासाचे धडे: खरे अनुभव सांगा (गुळगुळीत नकोत!)

शेवेची_बरणी (इंदूर) | ३ नोव्हेंबर, रात्री १०:५२

सलाम मंडळी. एक काम गळ्यात पडलंय. आमच्या चर्चच्या महिला मंडळाची महिन्याची मीटिंग यावेळी आमच्याकडे आहे आणि पाळकीणबाईंनी फोनवर गोड बोलून मला दहा मिनिटांचं मनन पण देऊन टाकलं, विषय "घरकाम आणि विश्वास". मी हो म्हटलं कारण तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि मला फोन ठेवायचा होता.

आता बसलेय तर सगळं तेच सुचून राहिलंय, कपडे धुतले जातात तसं पाप धुतलं जातं, झाडू मारतो तसं मन झाडावं वगैरे. हे मी पंधरा वर्षांत पंचवीस वेळा ऐकलंय आणि ऐकताना दरवेळी घड्याळ बघितलंय. तर म्हटलं इथे विचारावं, कोणाला खरंच काम करता करता काही उमगलं असेल तर सांगा. म्हणजे आधी काम झालं आणि मग वचन आठवलं असं, वचन घेऊन त्याला काम चिकटवलं असं नको.

माझ्याकडे एकच आहे, तो सांगते. आमच्या भागात नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात. जलूदहून ७० किलोमीटर चढून पाणी इंदूरला येतं म्हणतात, ते आमच्या नळाला पहाटे तासभर. त्यामुळे आमच्याकडे साठवण्याचं वेड आहे. सासूबाईंच्या वेळचे दोन हंडे, एक टाकी, चार बादल्या, आणि तरी मी पातेली भरून ठेवते कारण काय सांगता येतं, उद्या नाहीच आलं तर. गेल्या महिन्यात मलेरियावाले आले तपासायला, टॉर्च मारला आणि मागच्या बाल्कनीतल्या बादलीत वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. त्यांच्या देखत ती बादली ओतली आणि ओतता ओतता एकदम बायबलमधलं निर्गम १६ आठवलं, मान्ना, रानात देव इस्राएल लोकांना रोज द्यायचा ते अन्न. रोजच्यापुरता गोळा करा सांगितलं होतं, काहींनी सकाळपर्यंत ठेवला, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. इतकी वर्षं मला ती गोष्ट जरा कडकच वाटायची, बिचाऱ्यांनी उद्याची सोय केली तर काय बिघडलं. त्या दिवशी बादलीपाशी कळलं की भीतीनं साठवलेल्याचं काय होतं.

पण मग हे पण आहे की त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलंय आणि तो शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या विश्रांतीच्या दिवसासाठी, ठेवलेला मान्ना नासत नाही. म्हणजे साठवणं वाईट असं सरसकट नाही, आणि इंदूरमध्ये राहून नळ येतील तेव्हा पाणी भरू नका असं मी सांगितलं तर बायका मला हाकलून देतील.

बोला आता.

फॉलपिको_इंदूर | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

ताई माझा घे. मी घरी फॉल-पिकोचं काम करते, लग्नसराईत दिवसाला पंधरा वीस साड्या होतात. फॉल लावायच्या आधी मी तो भिजवून वाळवून इस्त्री करून घेते. नवीन गिऱ्हाईक विचारतात कशाला, लवकर द्या ना. एकदा घाईत एकीला कोराच फॉल लावून दिला. साडी पहिल्यांदा धुतली, फॉल आटला, खालचा सगळा काठ गोळा होऊन चुण्या पडल्या, साडी तीच पण अंगावर धड बसेना. ती बाई चार लोकांसमोर बोलली मला आणि बरोबरच बोलली.

त्याच रविवारी उपासनेत मत्तय ९ वाचलं, कोऱ्या कापडाचं ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावत नाही. मी बाकावर बसल्या बसल्या हसले, शेजारची बघायला लागली. हे सांगणाऱ्याला शिवणकाम माहीत होतं यार! आईला ठिगळं लावताना बघितलं असणार त्यानं. पाळकसाहेबांनी त्यावर नवा करार जुना करार बरंच काय काय सांगितलं ते चांगलंच होतं पण माझं डोकं त्या फॉलमध्येच अडकलं होतं.

शेवेची_बरणी (इंदूर) | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२६

हेच! हेच पाहिजे होतं. चोरून घेतेय, मीटिंगमध्ये तुझं नाव न सांगता सांगेन.

रिटायर्ड_गार्ड | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

सर्वांना सलाम. महूमध्ये असतो, वय ७१. आमचे पणजोबा नगरकडून रेल्वेत नोकरीला इकडे आले ते इकडचेच झाले (नगरचं आता अहिल्यानगर झालं, म्हणजे फिरून फिरून आम्ही अहिल्याबाईंच्याच राज्यात).

पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? दोन वर्षांपूर्वी मिसेसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन महिने मी स्वयंपाकघर बघितलं. नोकरी रेल्वेची, बाहेर ड्यूटी, डबा आणि बिस्तरा, घरी आलो की आयतं ताट. मला वाटायचं स्वयंपाक म्हणजे स्वयंपाक. पहिल्या आठवड्यात कळलं की स्वयंपाक हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. काय आहे काय संपलंय, दूध उतू जाईल, ओटा पुसला की परत सांडणार, भांडी घासली की परत चहा, आणि हे कुठं संपतच नाही. गाडी पोचली की माझी ड्यूटी संपायची. हिची चाळीस वर्षं संपली नव्हती.

मला धडा वगैरे काही सुचला नाही. एक दिवस भांडी घासताना रडू आलं एवढंच. हिला सांगितलं नाही अजून.

एक वाचलेलं सांगतो, जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं १५२२ साली लग्नसंसारावर लिहिलं त्यात म्हटलंय की बाप बाळाचे लंगोट धुतो तेव्हा लोक त्याला बायल्या म्हणून हसतील, पण देव सगळ्या दूतांसह आनंदानं हसतो. पाचशे वर्षं झाली. आमच्या मंडळीत ह्या विषयावर प्रवचन मी एकदाही ऐकलं नाही.

फॉलपिको_इंदूर | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

काका, काकूंना सांगा. आज सांगा.

ओला_सुका | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

ह्या धाग्यात माझी हजेरी हवीच, नावातच आहे.

तर गोष्ट अशी की मागच्या वर्षी कानातल्याची फिरकी हरवली. सोन्याची, इतकुशी, मुगाच्या डाळीएवढी. आईनं दिलेली. सगळं घर झाडलं, सोफा सरकवला, मोबाईलचा टॉर्च लावून पलंगाखाली आडवी पडले, नाही. मग लक्षात आलं की सकाळी केर भरून डब्यात टाकलाय आणि गाडी यायला दहा मिनिटं. आणि ती गाणं वाजवत येते ना, ते लांबून ऐकू यायला लागलं! इंदूरवाल्यांना कळेल काय काळजाचा ठोका चुकतो ते. सुक्याचा डबा अंगणात पालथा केला, नाही. मग ओल्याचा. काल रात्रीचा भात, केळीच्या साली, चहाचा चोथा, हातानं उपसला सगळा. कचरागाडीवाला भिया फाटकाशी थांबून म्हणतो मॅडम ये अलग तो किया हुआ था, अब क्या मिला रहे हो.

सापडली. चहाच्या चोथ्यात.

आणि मी काय केलं असेल तर समोरच्या दोघी शेजारणींना हाक मारली, या गं सापडली, आणि पोहे केले, जलेबी मागवली. त्या जात्या वेळी एक जण म्हणाली फिरकीपेक्षा जास्तीचा तर नाश्ता झाला. तेव्हा ट्यूब पेटली. लूक १५. एका बाईची दहा नाणी, एक हरवतं, दिवा लावते, घर झाडते, सापडल्यावर मैत्रिणी शेजारणींना बोलावते. मला नेहमी वाटायचं एका नाण्यासाठी पार्टी कोण देतं, हिशोबात बसत नाही. आता मी स्वतः देऊन बसले होते.

अजून एक, लहानपणी रविवारच्या शाळेत ती गोष्ट ऐकली तेव्हा दिवा कशाला लावला कळायचं नाही, दिवसा झाडत असेल ना. नंतर कळलं तिकडच्या गरिबांच्या घरांना खिडक्या अगदी लहान नाहीतर नाहीतच, आत दिवसाही अंधार. आणि ते नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. म्हणजे शोधणारी गरीब आहे. प्रभूनं देवाला मेंढपाळ म्हटलं, बाप म्हटलं, आणि त्याच अध्यायात मधोमध ही केरसुणीवाली बाई आहे. मेंढपाळाचे फोटो घरोघरी टांगलेत, हिचा एकही नाही बघितला मी.

शेवेची_बरणी (इंदूर) | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:४१

अगं बाई. फोटोचं खरंय.

तर्कट | ४ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मी चर्चला जातो पण एक शंका. प्रत्येक गोष्टीत उपदेश शोधायलाच पाहिजे का? भांडी ही भांडी असतात. घासली, पालथी घातली, संपलं. माझ्या आईला लोक सांगायचे की तुझं घरकाम हीच तुझी प्रार्थना, आणि त्या नावाखाली तिला कधी बायबल क्लासला जाऊ दिलं नाही. मार्था मरीया ह्या बहिणींची गोष्ट घ्या, मार्था पाहुणचाराच्या कामात, मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि लूक १० मध्ये मरीयेनं चांगला वाटा निवडला म्हटलंय, मग आपण मार्थेच्याच गळ्यात हार का घालतो?

बडोद्याची_सिस्टर (वडोदरा) | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१८

मी कॅथलिक आहे, हॉस्पिटलात नर्स (नन नाही, नावावरून गैरसमज होतो). तर्कट, तुमचं म्हणणं पटलं. मी पण एक न सापडलेला धडा सांगते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावर कमरेपर्यंत होतं. उतरल्यावर घरात वीतभर चिखल आणि त्याचा तो वास. चार दिवस खरवडत होतो. मला देव-बिव काही आठवला नाही, फक्त कंबर आठवली. कोणी त्या वेळी मला सांगितलं असतं ना की यातून प्रभू काय शिकवतोय बघ, तर तोच चिखल फेकून मारला असता. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेन रोज थेपले आणि चहा खाली आणून द्यायच्या, काही न बोलता, आणि रिकामी ताटली स्वतः धुवून न्यायच्या कारण आमच्याकडे पाणी नव्हतं. बस. ह्यापुढे मी काही जोडत नाही.

बाकी स्वयंपाकघरातले संत म्हणाल तर ब्रदर लॉरेन्स माहीत असतील, सतराव्या शतकातले, पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकी. सगळे त्यांचं नाव घेतात की भांड्याकुंड्यांतही देवाच्या सान्निध्यात राहायचे. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते, त्यांना स्वयंपाकघराचं काम मुळीच आवडायचं नाही. पाय अधू, आधी सैनिक होते, आणि पंधरा वर्षं तिथे काढली. हे कळल्यापासून मला ते जास्त जवळचे वाटतात. मला पण बेडपॅन धुवायला आवडत नाही.

आणि पुरुषांसाठी, संत बेनेडिक्टच्या मठाच्या नियमात, सहाव्या शतकातला आहे हं, स्वयंपाकाची पाळी सगळ्या ब्रदर्सवर आठवड्या-आठवड्यानं येते आणि आठवडा संपताना पाळीवाल्यांनी सगळ्यांचे पाय धुवायचे, भांडी स्वच्छ करून परत द्यायची. शिवाय कोठीवाल्यानं मठाची सगळी भांडी वेदीवरच्या पवित्र भांड्यांसारखी मानायची. आमच्या घरी हा नियम वाचून दाखवला तर नवरा म्हणाला मठात टीव्ही नसतो ना.

लष्करवाला (ग्वाल्हेर) | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:४४

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून राहवलं नाही, चालेल ना? आमच्या ग्वाल्हेरला आजी जात्यावर बसली की जनाबाई सुरू व्हायची. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, आणि विठ्ठल येऊन तिला दळू लागायचा, शेण्या वेचू लागायचा, अशी सगळी कथा. आजी म्हणायची देव तिला "ऊठ, पूजेला चल" म्हणाला नाही, खाली बसला आणि खुंटा धरला.

तुमच्याकडे असं आहे का? म्हणजे देव स्वतः घरकाम करतो असं?

शेवेची_बरणी (इंदूर) | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

दादा अगदी चालेल, आणि काय प्रश्न विचारलात. नारायण वामन टिळक तर म्हणायचेच की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, तेव्हा जनाबाई आमच्या घरात परकी नाही.

आहे, आहे. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते सगळ्यांना माहीत असतं, योहान १३, ते काम तर घरातल्या दासाचं. पण मला योहान २१ जास्त आवडतं. पुनरुत्थानानंतरची गोष्ट आहे. शिष्य रात्रभर मासे धरायला गेलेत, रिकामे, पहाटे किनाऱ्याशी येतात तर प्रभूनं कोळशाचा विस्तव पेटवलाय, वर मासळी, भाकरी. आणि म्हणतो या, न्याहारी करा. मरणावर जय मिळवून आलेला माणूस, आणि सकाळी सकाळी चूल पेटवून बसलाय! कोळसे पेटवायला किती फुंकावं लागतं, डोळ्यात धूर किती जातो, मासे साफ कोणी केले असतील, मी हेच विचार करते.

आता तर्कटदादा. मार्थेला प्रभू काम करू नकोस म्हणाला नाही असं मला वाटतं, तू बऱ्याच गोष्टींची काळजी व दगदग करतेस म्हणाला. पण तुमच्या आईचं वाचून माझ्याकडे खरंच उत्तर नाही. मननात हे घ्यावं की नको, घेतलं तर पाळकीणबाई काय म्हणतील, विचार करून राहिलेय.

ओला_सुका | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

विषयांतर, पण इडलीचं पीठ फुगत नाहीये थंडीमुळे. काय करता?

फॉलपिको_इंदूर | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

ओव्हन असेल तर नुसता दिवा लावून आत ठेव. नाहीतर कणकेच्या डब्यात ठेवून वर जुनी शाल. मीठ नंतर घाल. आणि सारखं झाकण उघडून बघू नकोस!

रिटायर्ड_गार्ड | ५ नोव्हेंबर, दुपारी ४:५०

हे विषयांतर नाही. मत्तय १३:३३. बाई खमीर घेते आणि तीन मापं पिठात लपवते. तीन मापं म्हणजे थोडंथोडकं नाही, २५ किलोच्या आसपास धरतात, शंभरेक माणसांच्या भाकरी. एवढी कणीक तिंबायला काय दंड लागत असतील. आणि "लपवते" हा शब्द आहे, मळते नाही.

सांगितलं हिला. भांड्याचं. म्हणाली मला माहीत होतं, नळ चालू होता तरी ऐकू येत होतं.

विहिरीवरची | ५ नोव्हेंबर, रात्री १०:३७

सगळं वाचलं, छान वाटलं, आता मी जरा कडू बोलते, राग आला तर येऊ दे.

माझी आई तीस वर्षं लोकांकडे धुणीभांडी करायची. आम्ही पण ख्रिस्ती, चर्चमध्ये मागच्या बाकावर. ती ज्यांच्याकडे कामाला जायची त्यातली दोन घरं आमच्याच चर्चची होती. रविवारी त्या बायका उपासनेला यायच्या आणि आई त्यांच्या घरी भांडी घासून धावत पळत प्रभुभोजनापर्यंत पोचायची, कधी कधी नाही पोचायची. आणि नंतर त्याच बायका मंडळात उभ्या राहून सांगायच्या घरकामातून प्रभू मला नम्रता शिकवतो.

ज्यांच्या घरी मावशी येते त्यांनी हा विषय घेताना आधी सांगावं की भांडी कोण घासतं.

दहा आज्ञांतली चौथी, शब्बाथाची, नीट वाचा, निर्गम २०:१०. तू काम करायचं नाहीस एवढ्यावर थांबत नाही ती. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं, तुझ्या वेशीच्या आतला परका. गुरंसुद्धा आहेत यादीत. आपल्या मावशी कोणत्या यादीत?

तर्कट | ५ नोव्हेंबर, रात्री १०:५८

निःशब्द.

शेवेची_बरणी (इंदूर) | ६ नोव्हेंबर, रात्री १२:२०

ताई, झोप आली नाही. आमच्याकडे मावशी येतात. रोज, रविवारी पण. आम्ही साडेआठला निघतो तेव्हा किल्ली शेजारी ठेवतो, त्या येऊन करून जातात. अकरा वर्षं. त्या ख्रिस्ती नाहीत म्हणून मी कधी ह्या अंगानं विचारच केला नाही, पण तुम्ही म्हणता तसं "परका" तिथे लिहिलेलाच आहे.

वर एवढ्या ऐटीत पातेली भरून ठेवते लिहिलं मी. ती घासतं कोण ते लिहिलं नाही.

विहिरीवरची | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

तुला एकटीला नव्हतं म्हटलं गं. पण बरं झालं लिहिलंस.

तुझ्या मननासाठी एक देते, आईचं आवडतं. काना नावाच्या गावातलं लग्न, योहान २. सहा दगडी रांजण, प्रत्येकात ८० ते १२० लिटर मावेल एवढे. म्हणजे सगळं मिळून पाचशे ते सातशे लिटर. नळ नाही, मोटर नाही. प्रभूनं सांगितलं भरा आणि चाकरांनी काठोकाठ भरले. आई म्हणायची किती खेपा झाल्या असतील मोज. मग भोजनकारभाऱ्यानं चाखलं, त्याला कळेना हा द्राक्षारस आला कुठून, वराला बोलावून शाबासकी दिली. आणि तिथे कंसात एक वाक्य आहे: पण ज्या चाकरांनी पाणी काढलं होतं त्यांना ठाऊक होतं. नवरदेवाला नाही, कारभाऱ्याला नाही, पाहुण्यांना नाही. आई ते वाक्य दोनदा वाचायची.

लष्करवाला (ग्वाल्हेर) | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

वा. हे आजीला आवडलं असतं.

बडोद्याची_सिस्टर (वडोदरा) | ६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आमच्या वॉर्डातल्या आयाबाईंना उद्या हे वाक्य वाचून दाखवणार आहे. कोणत्या पेशंटला कशानं बरं वाटलं ते डॉक्टरांच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

ओला_सुका | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

मीटिंग झाली का? काय झालं सांग ना. (पीठ फुगलं. शाल कामी आली.)

शेवेची_बरणी (इंदूर) | १६ नोव्हेंबर, रात्री ११:४५

झाली मीटिंग, काल. दमलेय पण लिहिते नाहीतर राहून जाईल.

आधी मावशींचं. मी त्यांना म्हटलं रविवारी येऊ नका, सुट्टी. मला वाटलं खूश होतील. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, पगार कापणार का? नाही म्हटलं, पूर्ण देणार. मग म्हणाल्या, काही चुकलं का माझं? मग दुसरी कोणी धरली का? दहा मिनिटं समजावत होते. शेवटी मान डोलावून गेल्या. आणि परवा कळलं की त्या रविवारच्या वेळात त्यांनी पुढच्या गल्लीतलं एक काम धरलं! पोरीच्या कोचिंगची फी आहे म्हणाल्या. मी काय बोलणार. ह्यांना सांगितलं तर हसत सुटले, झालं तुझं शब्बाथ. विहिरीवरची ताई, ह्याचं काय करायचं ते तूच सांग, मला कळत नाहीये. सुट्टी मी परत घेतलेली नाही.

मीटिंगला एकोणतीस बायका. फॉल सांगितला, सगळ्या हसल्या, दोघींनी लगेच विचारलं कोण लावून देतं, नंबर द्या (तुला मेसेज करते). फिरकी सांगितली. अळ्या सांगितल्या तेव्हा दोघी-तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या, घरी जाऊन बादल्या ओतल्या असणार. मग मी माझं सांगितलं, अकरा वर्षं रविवारी किल्ली शेजारी ठेवायचं, आणि निर्गम २०:१० वाचलं. शांतता. पंख्याचा आवाज येत होता. मग कानाचं लग्न, ते कंसातलं वाक्य दोनदा वाचलं, तुझ्या आईसारखं.

पाळकीणबाई काही बोलल्या नाहीत. एक म्हातारी आजी आहेत आमच्याकडे, नव्वदीच्या, जास्त ऐकू येत नाही. त्या मोठ्यानं म्हणाल्या, मी पण होते मिशनच्या बंगल्यावर पाणी भरायला, कावडीनं, तेरा वर्षांची होते. त्यांच्या सुनेला सुद्धा हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं एका घरात राहून. मग त्यांना विचारत बसलो सगळ्या, विहीर कुठे होती, किती खेपा, काय मिळायचं, आणि माझं मनन तिथेच बारगळलं, शेवटची प्रार्थना पण विसरलो, चहाच्या वेळी आठवली.

तर्कटदादा, तुमच्या आईचं पण सांगितलं, नाव गाव न घेता. त्यावर जानेवारीपासून बायकांचा बायबल क्लास संध्याकाळी सातला ठरतोय, आणि त्या वेळी घरचा स्वयंपाक पुरुषांनी बघायचा असं एकीनं सुचवलं. ठराव पास व्हायचाय. रिटायर्ड काका, तुम्हाला महूहून यावं लागेल, पुरुषांचं ट्रेनिंग घ्यायला.

एक गडबड झाली. आजींच्या गोष्टी ऐकता ऐकता गॅसवर शेवयांची खीर होती ती विसरले. पाच लिटरचं पातेलं, तळाला काळं कोळसा झालंय. आज रविवार, मावशी नाहीत. हे सकाळी अर्धा तास घासत बसले होते, थोडंसुद्धा हललं नाही, हात मात्र लाल. कशानं निघेल?

फॉलपिको_इंदूर | १६ नोव्हेंबर, रात्री ११:५२

खायचा सोडा आणि पाणी घालून उकळ, गॅस बंद कर, रात्रभर तसंच ठेव. आत्ता घासू नकोस. अॅल्युमिनियमचं नाही ना? असेल तर सोडा नको, काळं पडेल, चिंच घाल.

तर्कट | १६ नोव्हेंबर, रात्री ११:५५

आणि कृपा करून यात कोणी दाखला शोधू नका.

विहिरीवरची | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

मावशींना फीचं विचार, किती कमी पडतायत ते. पातेलं स्टीलचं असेल तर सोडाच.

शेवेची_बरणी (इंदूर) | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:३१

स्टीलचंच आहे. विचारते आज. नळ आले, पळते.